मे महिन्यातला काठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईची नातवंडे साताऱ्याला येतात आणि चार दिवसांत ‘पाण्यावर कधी जायचे’ हा विषय निघतोच. आपल्या जिल्ह्याला समुद्र नसला तरी धोम, कण्हेर, उरमोडी आणि सर्वांत मोठा कोयनेचा शिवसागर असे जलाशय आहेत. तापोळा आणि बामणोली येथून लाँचने फेरफटका मारणे ही तर अनेक कुटुंबांची दर वर्षीची सहल झाली आहे. तिच्याबाबत एकच गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपण ज्या महिन्यात सहलीला जातो, त्याच महिन्यात जलाशय सर्वाधिक उतरलेला असतो, आणि काठावरची सोय मात्र बहुधा भरलेले पाणी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते.

कोयनेचे जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. धरणाची पूर्ण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील ६७.५ टीएमसीपर्यंतचे पाणी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वापरता येते आणि सिंचनासाठी पूर्वेकडे पाणी सोडले जाते ते वेगळेच. पातळी खालावल्यावरही वीजनिर्मिती चालू राहावी म्हणून १९९९ आणि २०१२ मध्ये येथे ‘लेक टॅपिंग’, म्हणजे जलाशयाच्या तळाला खालून बोगदा जोडून पाणी घेण्याचे काम, करण्यात आले. हे सर्व आवश्यकच आहे आणि पर्यटकांसाठी पाणी अडवून ठेवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु त्याचा अर्थ असा की, दिवाळीत जिथे पायरीवरून थेट बोटीत पाऊल टाकता येते, तिथून मे महिन्यात पाणी बरेच खाली आणि दूर गेलेले असते, आणि मधल्या पट्ट्यात राहतो तो गाळ.

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची नऊ माणसे याच जलाशयाच्या काठावरील एका गावी गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. बरोबर ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई होत्या. त्यांचे माहेर या पाण्याखाली गेलेले असून, पाणी उतरले की तिथल्या देवळाचा चौथरा वर येतो असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी हट्टच धरला होता. (मे महिन्यात पाण्यावर जाणारे सगळेच मौजेखातर जातात असे नाही, हे यानिमित्ताने नमूद करते.) धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून पाण्यापर्यंत शे-सव्वाशे पावलांचा उतार होता. वरून माती वाळून भेगाळलेली दिसत होती, पण पाण्याजवळ पाय ठेवताच घोट्यापर्यंत आत जात होता. सासूबाईंची एक चप्पल गाळातच राहिली. शेवटी लाँचवरच्या दोन मुलांनी हातांची खुर्ची करून त्यांना उचलले आणि एका डुगडुगत्या फळीवरून आत नेले. त्या मुलांच्या अगत्याबद्दल मी ऋणी आहे, पण त्यांचा पाय घसरला असता तर काय झाले असते, हा विचार मला परतीच्या वाटेवर सुचला, तिथे सुचला नाही.

लाइफ जॅकेट सर्वांना दिले, हे खरे. मात्र पाच वर्षांच्या नातवाला मिळालेले जॅकेट मोठ्या माणसाचे होते. त्याने हात वर केले की ते थेट कानांपर्यंत सरके, म्हणून चालकाने सुतळीने ते पोटाशी आवळून दिले. असे सैल जॅकेट पाण्यात वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. लहान मुलांच्या मापाचे आणि दोन्ही पायांमधून पट्टा घेता येईल असे जॅकेट बाजारात मिळते आणि सुटीच्या महिन्यात दर बोटीमागे तशी चार-पाच ठेवणे अवघड नाही.

मे महिन्याची दुसरी अडचण वाऱ्याची. दुपारनंतर वळवाचे ढग भरून आले की शांत दिसणारे पाणी बघता बघता खवळते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी आवश्यक केली आहे. तिच्या जोडीला, आकाश पाहून दुपारच्या फेऱ्या थांबवण्याचा अधिकार काठावरच्या एका ठरावीक व्यक्तीला दिला, तर गिऱ्हाइकाच्या आग्रहापुढे चालकाला मान तुकवावी लागणार नाही. आग्रह करणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

काठाच्या प्रश्नावर तरंगता धक्का सुचवला जातो. तो चांगलाच, पण सपाट उतारावर पाणी मागे गेले की तोही चिखलात बसतो आणि दर आठवड्याला सरकवावा लागतो. मला आपल्या जिल्ह्यातले जुनेच उत्तर अधिक पटते. वाई आणि संगम माहुली येथे कृष्णेचे घाट बांधणाऱ्यांनी पाणी चढणार आणि उतरणार हे गृहीतच धरले होते. पाणी कुठेही असो, कोणती ना कोणती पायरी त्याच्या काठाला लागतेच. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची बांधली, ती १७६२ सालापासून उभी आहे. जलाशयाच्या काठावर जिथे उतार त्यातल्या त्यात तीव्र आहे अशी एकेक जागा निवडून, मे महिन्यातील नीचांकी पातळीपर्यंत जाणारा दगडी किंवा काँक्रीटचा घाट आणि त्याला एका बाजूने धरायला लोखंडी नळी, एवढे पुरेसे आहे. खर्चाचा विचार करताना हेही पाहावे की, जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील माणसे बाजाराला, दवाखान्याला याच पाण्यावरून येतात. आम्हाला गाळ वर्षातून एकदा तुडवावा लागला. त्यांच्यातल्या गरोदर बाईला किंवा आजाऱ्याला तो उन्हाळाभर तुडवावा लागतो.

बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाचे, पलीकडचा काठ वन विभागाचा आणि पर्यटन आणखी कोणाचे, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनीच या सर्वांना एकत्र बसवावे, अशी विनंती आहे. हे बांधकाम फक्त पाणी उतरलेले असतानाच, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यापासून मोसमी पाऊस लागेपर्यंत करता येते. जागेची पाहणी याच मे महिन्यात झाली नाही, तर जुलैत ती जागा पाण्याखाली जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिची मोजणीसुद्धा करता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा