टाकीचं झाकण उघडून बघ

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

नव्या घरात पाणी कसं वाचवायचं, असं विचारलंस. बरेच जण आधी बेसिनच्या नळावर नजर ठेवतात. तू सुरुवात संडासापासून कर. घरातलं कितीतरी स्वच्छ पाणी तिथेच वाहून जातं. फ्लशच्या जुन्या टाक्या एका फ्लशला 13 लिटर किंवा त्याहूनही जास्त सोडतात. चार माणसं आणि माणशी पाच फ्लश धरले, तर दिवसाला 260 लिटर झाले. सहा लिटरच्या टाकीत तेच 120 मध्ये भागतं.

पण नवीन काही घेण्याआधी गळती शोध. टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाक आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नकोस. संडासाच्या भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाही असं समज. अशी गळती बऱ्याचदा ऐकूही येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते आणि मोठी असेल तर दिवसाला शेकडो लिटर घालवते. मला सगळ्यात जास्त हळहळ याच पाण्याची वाटते, कारण ते कुणाच्याही उपयोगी पडत नाही. पाणी टाकीतल्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून नेणाऱ्या, नळीत उतरत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली कर. पातळी नळीच्या तोंडाखाली इंचभर राहू दे.

टाकी जुनी, मोठी असेल तर लिटरभराची बाटली पाण्याने भर, बूच घट्ट लाव आणि फ्लोटला अडणार नाही अशी आत उभी कर, म्हणजे दर फ्लशला तेवढं पाणी कमी जाईल. वीट नको, तिचा चुरा रबराखाली अडकतो. बाटल्याही वाढवत जाऊ नकोस. भांडं साफ व्हायला पाण्याचा एकदम लोंढा लागतो. तो कमी पडला की माणूस दोनदा फ्लश करतो आणि वाचवलेलं सगळं जातं.

टाकी बदलायचीच झाली तर दोन बटणांची घे, एक पूर्ण फ्लशचं आणि एक अर्ध्या फ्लशचं. ही सोय 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूस थॉम्सन यांनी आणली. तेव्हा 11 आणि साडेपाच लिटर लागत, आता साधारण सहा आणि तीन. लघवीसाठी कोणतं बटण, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेव, मुलांना तर नक्कीच.

कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीने थेट भांड्यात ओत. टाकीत नको, साबणाचा थर आतल्या भागांवर बसतो.

रंगाची चाचणी या आठवड्यातच कर आणि काय दिसलं ते कळव. रबर बदलावं लागलं तर जुनं सोबत घेऊन दुकानात जा, मापं वेगवेगळी असतात.

तुझे,
बाबा