बोट जिथे आहे तिथलं विचारा

मा. संपादक,

स. न.

कालच्या अंकातला लहानग्यांच्या रंगीत चित्रपुस्तकांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरं वाटलं. पण अख्खा भर अक्षरओळखीवर, तो पटला नाही.

माझी नात पावणेदोन वर्षांची. तिच्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात पानापानावर एक गोगलगाय दडलेली आहे. कितीतरी दिवस मी खालच्या ओळीच वाचत होते, मला ती दिसलीच नव्हती. एके दिवशी नातीनं तिच्यावर बोट ठेवलं, पान उलटलं, पुन्हा शोधून बोट ठेवलं. वाचनाची सुरुवात याहून वेगळी काय असते? परवा एका पाहुण्या बाईंनी त्याच पुस्तकावर 'हे काय? ते काय? म कुणाचा?' असा सपाटा लावला. नातीचं बोट मांजराच्या शेपटीवर होतं. तिनं पुस्तक मिटलं आणि उठून गेली. प्रश्न जरूर विचारा, पण बोट जिथे आहे तिथलं विचारा.

खरा राग वेगळाच आहे. गेल्या महिन्यात तिला एका वाचनालयाच्या बालविभागात नेलं. चित्रपुस्तकं काचेच्या कपाटात, वर कुलूप. मागितली तर म्हणाले, "लहान मुलं फाडतात हो, पाच वर्षांची झाली की आणा." पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे मग कशासाठी करतात? या वयात मूल हाताबरोबर तोंडानंही ओळखतं. आमच्या पुस्तकाचा एक कोपरा चावून चावून मऊ झालाय, तरी ते रोज उघडलं जातं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की बाळाला जन्मल्यापासून वाचून दाखवा. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, त्यापेक्षा जवळ घेऊन वाचा, गोष्टी सांगा, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. आणि इथे पाच वर्षं थांबायचं! पोर काचेवर हात आपटत राहिली, शेवटी उचलून बाहेर आणावं लागलं. त्या कपाटांबद्दल आपल्या लेखात एक ओळ असती तर बरं झालं असतं.

जाता जाता, आपल्या रविवारच्या मुलांच्या पानाबद्दलही लिहिते. चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि गेले दोन रविवार अर्धं पान जाहिरातीनं खाल्लं. निदान एक चित्र तरी तळहाताएवढं छापा. नातीसाठी मी ते कापून ठेवीन.

आपली,
एक आजी