टँकचे मोजमाप सरासरीने नको

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ऑनलाइन खेळांवर नुकताच आलेला लेख वाचला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांत टँक (शत्रूचा मार स्वतःवर घेऊन संघाला वाचवणारे खेळाडू) डोईजड झाले असून त्यांचे चिलखत सरसकट कमी करावे, असे त्यात सुचवले आहे. तक्रारीत तथ्य आहे. सगळा संघ गारद झाल्यावर एकटा टँक स्वतःच्या जखमा भरत बॉसला, म्हणजे मुख्य बलाढ्य शत्रूला, लोळवतो, हे कोणालाही खटकेल. उपाय मात्र चुकीच्या मोजमापावर उभा आहे.

लेखातील तुलना टँकने दर सेकंदाला सरासरी किती मार सोसला, या एकाच आकड्यावर केलेली आहे. समजा, प्रत्येकी 1 लाख हेल्थ (जीवनशक्ती) असलेले दोन टँक आहेत. पहिल्याला बॉसचा प्रत्येक घाव 30 हजारांचा बसतो. दुसऱ्याला 60 हजारांचा बसतो, पण तो निम्मे घाव चुकवतो. सरासरी दोघांची सारखीच. तरीही हीलरचे (संघातल्यांच्या जखमा भरणाऱ्या खेळाडूचे) लक्ष लागोपाठच्या दोन घावांपुरते दुसरीकडे गेले, तर पहिला 40 हजार हेल्थ राखून उभा असतो आणि दुसरा चारपैकी एका वेळी मरतो. सांगलीकरांना यात नवल वाटू नये. पावसाळ्याची सरासरी काहीही असो, आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी गाठली की सामान माळ्यावर चढवावेच लागते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या खुद्द ब्लिझार्ड कंपनीलाही ही अडचण भोवली आहे. टँकची घाव चुकवण्याची क्षमता इतकी वाढली होती की, त्यांना थोडीफार भीती वाटावी म्हणून बॉसचे घाव अवाच्या सवा मोठे ठेवावे लागत. अखेर डिसेंबर 2009 मध्ये आलेल्या ‘आइसक्राउन सिटाडेल’ या मोहिमेत घाव चुकवण्याची शक्यता सरसकट 20 टक्क्यांनी उतरवण्यात आली. पुढे 2012 च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’ या खेळाच्या विस्तारित आवृत्तीत बचाव नशिबावर न सोडता खेळाडूच्या हाती देण्याचे धोरण आले : वॉरियर प्रकारच्या टँकने लढताना जमवलेला रेज (त्वेष) खर्चून ढाल कधी उचलायची हे स्वतः ठरवायचे, तर नव्याने आलेल्या ब्रूमास्टर मंक या टँकला घावाचा काही भाग लगेच न बसता पुढील काही सेकंदांत हप्त्याहप्त्याने बसायचा. माझ्या मते टँकच्या समतोलाचा आजवरचा सर्वांत शहाणा विचार हाच. (या खेळाचे सर्व्हर भारतात नाहीत, त्यामुळे इकडून दाबलेले बटण तिकडे उशिराच पोहोचते, म्हणून क्षणार्धात संपणाऱ्या बचावापेक्षा काही सेकंद टिकणारा बचाव आम्हाला जास्त उपयोगी पडतो.)

आधीच टँक व्हायला कोणी धजावत नाही. पाच जणांच्या डंजनला (छोट्या मोहिमेला) टँक एकच लागतो, तरी तो वेळेवर मिळेना. म्हणून 2011 मध्ये ज्या भूमिकेचा तुटवडा असेल तिला वेगळे बक्षीस ठेवण्याची सोय करावी लागली, आणि ती भूमिका बहुतेक वेळा टँकचीच असे.

आता चिलखताविषयी. चिलखत 80 टक्के मार अडवत असेल, तर टँकला प्रत्यक्षात 20 टक्के मार बसतो. लेखात म्हटल्याप्रमाणे त्यात ‘फक्त पाच टक्के’ कपात करून ते 75 वर आणले, तर बसणारा मार 20 वरून 25 होतो, म्हणजे प्रत्येक घाव सव्वापट मोठा होतो आणि त्याचा सगळा भार हीलरवर पडतो. याउलट, स्वतःला बरे करण्याची क्षमता दोन घावांच्या मधल्या वेळेत कामी येते. एका मोठ्या घावाने येणारे मरण ती क्वचितच टाळते. तेव्हा कात्री लावायचीच असेल, तर ती या क्षमतेला लावावी. संघ पडल्यावर टँक एकट्याने बॉस मारू शकणार नाही आणि संघ उभा असताना हीलरलाही जड जाणार नाही.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली