दुसऱ्यांदा खिडकीसमोर जाण्याआधी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा नाकारला गेल्यावर परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मुलाखतीचा पुढच्याच आठवड्यातला स्लॉट दिसतोय, घेऊन टाकू का?" तेव्हा मी धड काही बोलले नाही. माझं मत नाही असंच आहे, पण ते का, हे फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे. घाई नाही, रात्री निवांत वाच.

आधी त्या नकाराच्या कागदाबद्दल. पासपोर्टबरोबर तुझ्या हातात दिलेल्या पत्रात २१४(बी) हे कलम आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम. विद्यार्थी व्हिसा मागायला आलेला माणूस तिथे कायमचा राहायला निघालाय, असं त्यात आधीच धरून चालतात आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदारावर टाकतात. म्हणजे तू खोटं बोललीस, तुझे मार्क कमी पडले, तुझं इंग्रजी वाईट आहे, यातलं काहीही त्या पत्रात म्हटलेलं नाही. त्या अधिकाऱ्याला त्या दोन मिनिटांत पटलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पत्र छापील असतं आणि बहुतेकांना तेच मिळतं. रात्र रात्र जागून त्याच्या ओळींत स्वतःबद्दल काही शोधू नकोस गं.

तुझ्या मैत्रिणीला मिळालं ते २२१(जी). ते वेगळं आहे. त्यात कागद अपुरे असतात किंवा काही तपासणी बाकी असते, आणि ती पुरी झाली की तोच अर्ज पुढे सरकू शकतो. तुझा अर्ज तिथेच संपला. त्यावर अपील नाही. पुन्हा जायचं तर नवा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), पुन्हा १८५ डॉलर फी, पुन्हा बोटांचे ठसे आणि पुन्हा मुलाखत. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, ३५० डॉलर मात्र, नकारापासून १२ महिन्यांच्या आत याच प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केलास तर दुसऱ्यांदा भरायचे नाहीत. जुनी पावती जपून ठेव. पैशांचा विचार तू करू नकोस, पण कशाचे पुन्हा लागतात आणि कशाचे नाहीत हे तुला माहीत असलेलं बरं.

आता स्लॉटचं. कायद्याने थांबायची सक्ती नाही, तू उद्यासुद्धा जाऊ शकतेस. पण उद्या जाऊन तू वेगळं काय सांगशील? समोर दुसरा अधिकारी असला तरी मागच्या मुलाखतीची नोंद त्याच्या पडद्यावर असते. तीच उत्तरं थोड्या मोठ्या आवाजात दिलीस तर त्याने निर्णय का बदलावा? तेव्हा आधी आय-२० वरची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरची, कोर्स सुरू व्हायची तारीख बघ. त्या तारखेच्या ३६५ दिवस आधीपासून व्हिसा देता येतो, पण अमेरिकेत शिरता येतं ते फार तर ३० दिवस आधी. ऑगस्टचं सत्र हातचं जाईल असं वाटत असेल तर विद्यापीठाच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) आजच मेल कर आणि प्रवेश जानेवारीच्या सत्रापर्यंत पुढे ढकलता येईल का, ते विचार. सगळे विभाग जानेवारीत प्रवेश देत नाहीत, म्हणून हे आधी कळायला हवं. पुढे ढकलला तर नव्या तारखेचा आय-२० लागेल आणि तो हातात आल्यावरच डीएस-१६० भर. एक सत्र उशिरा गेलीस तर काही बिघडत नाही. तयारी नसताना गेलीस आणि दुसरा नकार आला, तर तिसऱ्या वेळी ते सगळं ओझं घेऊन बोलावं लागेल.

मुलाखत झाली त्याच रात्री तू सगळे प्रश्न आणि तुझी उत्तरं जशीच्या तशी लिहून मला पाठवलीस, हे फार शहाणपणाचं केलंस. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, आणि आई म्हणून वाचण्याआधी बँकेतली बाई म्हणून वाचली. तुला माहीत आहे, इतकी वर्षं मी कर्जाच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसते आहे. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि त्यावर मला मत बनवावं लागतं. पाठ करून आलेला माणूस मला पहिल्या वाक्यात कळतो. तो खोटा असतो असं नाही. बहुतेक वेळा तो खराच असतो, पण त्याचा धंदा नक्की कसा चालतो हे त्याच्या तोंडून न ऐकताच मी त्याच्यावर विश्वास कसा ठेवू? तुझी उत्तरं वाचताना मला तेच वाटलं.

"हेच विद्यापीठ का?" यावर तू म्हणालीस, रँकिंग चांगलं, प्राध्यापक अनुभवी, संशोधनाच्या सोयी उत्तम. यातलं विद्यापीठाचं नाव काढून दुसरं कुठलंही घाल, वाक्य तसंच्या तसं चालेल. आणि खरं कारण काय आहे? ते तू मला किती तळमळीनं सांगितलं होतंस! तुमच्या ऑफिसने आराखडा केलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) खाली येतो, पण नत्र आणि स्फुरद काही केल्या निकषात बसत नाहीत. टाकीत हवा किती वेळ सोडायची आणि किती वेळ बंद ठेवायची यावर नत्राचं सगळं गणित आहे, आणि ते नीट जाणणारं ऑफिसात कोणी नाही. त्या विद्यापीठात नेमके याच विषयाचे कोर्स आहेत आणि चालत्या केंद्रावर विद्यार्थ्यांना चाचण्या घेता येतात. म्हणून तू दुसऱ्या, जास्त नावाजलेल्या विद्यापीठाचा प्रवेश सोडलास. यातलं अक्षरही तू खिडकीपाशी बोलली नाहीस. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात.

"भारतात का नाही?" यावरचं तुझं "इथे तशा सोयी नाहीत" मला अजिबात आवडलं नाही. ते खरंही नाही. आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक. करता येतं, हे रोज आपल्या मुलांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक असणारच. आपल्याकडे काय नाही हे सांगण्यापेक्षा तिथे तुला काय मिळणार आहे ते सांग. एम.टेक.चा विचार केला होतास, तो अभ्यासक्रम पाहिला होतास, आणि तुला हवी असलेली एक गोष्ट तिथे नव्हती. एवढं म्हणालीस तरी पुरे, कारण तसंच झालं होतं.

पैशाच्या प्रश्नावर तू "बाबा स्पॉन्सर करताहेत" म्हणालीस आणि "किती?" विचारल्यावर थांबलीस. हा दोष तुझा नाही, घरात आकडे आम्हीच हाताळतो. पण आता ते तुझ्या जिभेवर हवेत. आय-२० वर पहिल्या वर्षाचा एकूण खर्च लिहिलेला असतो, तो आकडा. त्यातला किती भाग शैक्षणिक कर्जातून, किती मुदत ठेवीतून, बाबांची आणि माझी वर्षाची मिळकत किती, आणि दुसऱ्या वर्षाचं काय. पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी आहेत हे दिसलं पाहिजे आणि पुढचे कुठून येतील हे पटलं पाहिजे. मार्चमध्ये बाबांच्या खात्यात जी मोठी रक्कम आली, ती आजोबांच्या जमिनीची आहे. विचारलं तर तेवढंच सांग, खरेदीखताची प्रत फाइलमध्ये ठेवली आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटचा: "शिकून झाल्यावर काय?" तू म्हणालीस, "आई-बाबा इथे आहेत म्हणून मी परत येईन." मला वाचून भरून आलं, पण त्या खिडकीपलीकडच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, कारण आई-बाबा सगळ्यांचेच इथे असतात. ओळखीचे लोक तुला घराचे, शेताचे कागद न्यायला सांगतील. फाइलमध्ये असू देत, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर घर नसणार, मोठ्या पदाची नोकरी नसणार, हे त्यांच्या नियमांतही समजून घेतलेलं आहे. त्यांना बघायचा असतो तो तुझा आजचा हेतू. तो तुझ्याकडे आहे. देशात आधीच उभ्या असलेल्या केंद्रांत बदल करून ती निकषात बसवायची, हे काम तुला करायचं आहे, आणि ते काम इथे आहे. साहेबांनी तुला परत घ्यायची तयारी दाखवली आहे, तेही सांग. आणि ओपीटीबद्दल, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करण्याबद्दल, विचारलं तर बिचकू नकोस. पदवीनंतर १२ महिने आणि तुझ्या विषयासारख्या विषयांना आणखी २४ महिने कामाचा अनुभव घ्यायची मुभा त्यांच्याच नियमात आहे. ठाऊक नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण ती मुभा म्हणजे तुझा बेत नव्हे, आणि तुझा बेत काय आहे हे तुला स्पष्ट माहीत असलं की या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या राहतील.

या खेपेला आणखी एक प्रश्न येऊ शकतो: "मागच्या वेळेनंतर काय बदललं?" आधीच्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं नाही, असं चुकूनही म्हणू नकोस. मागच्या वेळी मी माझ्या कामाबद्दल आणि पुढच्या बेताबद्दल स्पष्ट बोलले नाही, असं सरळ सांग. आणि बदललंय ते खरंच सांगण्यासारखं आहे. तुझ्या निरोपाचा केक कापून झाला आणि आता रोज त्याच खुर्चीत जाऊन बसायचं, हे तुला किती बोचत असेल ते मला कळतं. पण त्याच ऑफिसात तुला नव्या केंद्राच्या चाचण्यांचं काम मिळालं. रोज नमुने घेणं, आकडे मांडणं, कुठे बिघडतंय ते शोधणं. गेल्या वेळी हे तुझ्याकडे नव्हतं.

आता त्या व्हिसा सल्लागाराचं. डीएस-१६० मध्ये "याआधी कधी व्हिसा नाकारला आहे का?" असा प्रश्न आहे. तिथे "हो" लिहायचं आणि कारणही लिहायचं. "नाही" लिहिलं तरी चालतं असं तो म्हणाला असेल, तर त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नकोस. नकार म्हणजे आजचं दार बंद, पण खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. काकांच्या खात्यातले पैसे आपले म्हणून दाखवायचे, विषय बदलून सोपा कोर्स घ्यायचा, हेही नको. जुन्या अर्जाची प्रत समोर ठेवून नवा अर्ज स्वतः भर. पत्ता, नोकरीच्या तारखा, सगळं जुळलं पाहिजे. काही बदललं असेल तर का बदललं ते तुला सांगता यायला हवं. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती सगळी लिही. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेही विसरू नकोस.

सराव कर, पण उत्तरं पाठ करू नकोस. पाठ केलेलं वाक्य मध्येच तुटलं की तुझा चेहरा पडतो, ते मला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून माहीत आहे. मामाला रोज दहा मिनिटं फोन कर आणि त्याला इंग्रजीत सांग की तू काय शिकणार आहेस. त्याला सांडपाण्यातलं काही कळत नाही, म्हणूनच तो योग्य माणूस. त्याने रोज प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा. काचेपलीकडून माइकवर बोललेलं कधी कधी नीट ऐकू येत नाही. तसं झालं तर अंदाजाने उत्तर देऊ नकोस, पुन्हा विचारायची विनंती कर. त्यात काही कमीपणा नाही. विचारलं तेवढंच सांग, आणि समोरचा टाइप करत असेल तर ती शांतता भरून काढायला बोलत राहू नकोस.

कागदांत वर पासपोर्ट, सही केलेला आय-२०, डीएस-१६० चं पान आणि सेव्हिसची पावती. बाकी सगळं खाली. मागितल्याशिवाय एकही कागद पुढे सरकवू नकोस. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाबांकडे दे. ते बाहेर थांबतील.

पुन्हा नाही म्हणाले तर? याचा विचार मी केला आहे आणि तूही कर, कारण तो न करता गेलीस तर ती भीती तुझ्याबरोबर खिडकीपर्यंत येईल. तुझी नोकरी आहे, एम.टेक.चा रस्ता उघडा आहे, आणि नत्र-स्फुरदाचा तो प्रश्न कुठल्याही देशात बसून सोडवता येईल. आम्हाला तू गेलीस तर आनंद होईल आणि राहिलीस तरी तुझ्याबद्दल वाटणारा अभिमान तसूभर कमी होणार नाही. नातेवाईक काय विचारतील ते माझ्यावर सोड.

कर्जमंजुरीचं नव्या तारखेचं पत्र बाबांनी मागवलं आहे, शुक्रवारपर्यंत मिळेल. तू डीएसओला मेल करून उत्तर आलं की कळव, मग आपण दोघी बसून स्लॉट बघू. आणि "हेच विद्यापीठ का" याचं उत्तर रविवारपर्यंत मला लिहून पाठव, आधी मराठीत. मला जसं सांगितलं होतंस तसंच लिही, इंग्रजीचं नंतर बघू.

वेळेवर जेव आणि झोप.

तुझी,
आई