काका, अण्णांना चेलो ऐकू आला

आदरणीय काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

नवी पेठेतल्या तुमच्या दुकानात मी आमचा जुना म्युझिक सिस्टीम दुरुस्तीला आणला होता. आवाज वाढत नाही, ही अण्णांची तक्रार. तुम्ही तो लावून पाहिलात आणि विचारलंत, "याला काही झालेलं नाही. घरात ऐकतं कोण?"

अण्णांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला. दिवसभर धोटा इकडून तिकडे आदळणार, शेजारच्या मागवाल्याशी बोलायचं तर हातवाऱ्यांनी. सतार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण "तार वाजते, झणकार येत नाही" म्हणत त्यांनी ऐकणंच सोडलं होतं. कानाचं यंत्र आणलं, तर त्यात भांडी डोक्यात वाजायची. ते कपाटात गेलं. आणि आम्ही? ओरडून बोलायचो, वर "लक्षच देत नाहीत" म्हणून चिडायचो. त्याची मला फार लाज वाटते.

तुम्ही सोल्डरिंगचं काम बाजूला ठेवून मला समजावलंत. सततच्या मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. आधी जातं ते ३००० ते ६००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक, उंच आवाजांचं ऐकणं. 'स', 'श', 'फ' यांची धार त्या वरच्या भागातच असते, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण शब्द लागत नाही. ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मग काउंटरखालच्या खोक्यातून तुम्ही ती सीडी काढलीत. २००४ सालची. इटालियन संगीतकार एन्निओ मोरिकोने यांचं चित्रपटसंगीत, चेलोवर, म्हणजे व्हायोलिनसारख्याच पण मोठ्या, जाड आवाजाच्या वाद्यावर, यो-यो मा, साथीला रोमचा ऑर्केस्ट्रा, आणि संचालनाला स्वतः मोरिकोने. "चेलोची जाड तार ६५ हर्ट्झची, बारीक मोकळी तार २२०ची. अण्णांचे कान अजून तिथं शाबूत असणार," एवढंच म्हणालात. पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर लावली. १९८६च्या 'द मिशन'मधली ती धून आली. चित्रपटात पाद्री ती जंगलात ओबोवर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावर, वाजवतो; इथं ती चेलोवर आहे. अण्णा पानाला चुना लावत होते. बोट तसंच थांबलं. मग उठले, स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला, अगदी मागाच्या चौकटीवर टेकवायचे तसा. धागा तुटला की त्यांना आधी तळहाताला कळायचं. धून संपेपर्यंत हात काढला नाही. मग म्हणाले, "गज फिरवतोय ना? परत लाव." पुढं काय काय वाजलं ते मला आठवतही नाही, मी त्यांच्याकडेच बघत होते.

त्यानंतर ते स्वतःहून कान तपासायला तयार झाले. आलेख तुम्ही सांगितलात तसाच: डावीकडे, म्हणजे जाड आवाजांना, बरा; उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांना, घसरत गेलेला. त्या आलेखाप्रमाणे यंत्र नव्यानं लावून घेतलं. आता भांडी सोसवतात. नातवाशी बोलताना त्याला समोर बसवतात, आणि आम्ही आवाज चढवला की हातानं "हळू" अशी खूण करतात.

काका, आता त्यांचा एक प्रश्न आहे, तो मला सोडवता येत नाही. एका जागी चेलो थांबतो आणि त्यांच्या कानाला नुसती शांतता येते. पण स्पीकरवर हाताला काहीतरी लागतं. "तिथं कोण वाजवतंय?" असं रोज विचारतात. सोमवारी सीडी आणि अण्णा, दोघांनाही दुकानात घेऊन येते.

तुमची,
अण्णांची थोरली