पाठीच्या संधिवातातील ‘नॉर्मल’ अहवाल

महोदय,

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताची चर्चा बहुधा पाठदुखी आणि सकाळच्या ताठरपणापाशीच थांबते. हाडांच्या ठिसूळपणाकडे रुग्णांचे आणि, खेदाने म्हणावे लागते, काही डॉक्टरांचेही लक्ष जात नाही. या आजारात दाहामुळे मणक्यांच्या आतले जाळीदार हाड झिजत जाते आणि त्याच वेळी कडांवर नवे हाड वाढून मणके एकमेकांना जोडले जातात. कमरेच्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, हे वाढीव हाडही मोजले जात असल्याने अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. म्हणून खुब्याच्या हाडाची घनता पाहणे अधिक भरवशाचे.

असा सांधलेला मणका मोडायला न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्तही पुरते. फ्रॅक्चर बहुधा मानेच्या खालच्या भागात होते, साध्या एक्स-रेत ते सहज निसटते, आणि ‘नेहमीचेच दुखणे’ म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका राहतो. पडल्यानंतर दुखण्याची जागा किंवा तऱ्हा बदलली, तर सीटी स्कॅन अथवा एमआरआयचा आग्रह धरावा. मदतीला धावणाऱ्यांनीही, वर्षानुवर्षे पुढे वाकलेली मान स्ट्रेचरवर बळेच सरळ न करता, आहे त्याच स्थितीत आधार देऊन रुग्णाला न्यावे. आजाराची चिठ्ठी पाकिटात असेल, तर १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना हे सांगायला रुग्ण शुद्धीवर असण्याची गरज उरणार नाही.

— एक वाचक, सातारा