झडती एकाच दाराची

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कैद्याला भेटायला आलेल्या बाईच्या चपलेच्या तळव्यात चरसच्या पुड्या सापडल्याची बातमी आपण मागच्या आठवड्यात छापलीत. दोनच दिवसांनी अग्रलेखात लिहिलेत की, अमली पदार्थांना आळा घालायचा तर नातेवाइकांच्या मुलाखती, म्हणजे तुरुंगातल्या भेटी, काही महिने बंद ठेवाव्यात. बातमीबद्दल माझी तक्रार नाही. त्या बाईने गुन्हा केला, तिच्यावर खटला चालावा. अग्रलेखाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्या रांगेत मी साडेतीन वर्षे उभी राहिले आहे. माझा धाकटा भाऊ आत होता.

त्या रांगेत काय होते ते आधी सांगते. वेणी सोडायला लावतात आणि केसांतून बोटे फिरवतात. चपला काढून एकमेकींवर आपटून पाहतात. रुमालाची दुमड चिमटीत धरून चाचपतात. एकदा माझ्या पुढच्या बाईच्या कडेवरच्या बाळाचे लंगोटही सोडून पाहिले. हे सगळे मी निमूटपणे करू दिले. आत माल जाऊ नये असे मलाही वाटत होते, माझाच भाऊ आत होता. पण ताटकळत उभे असताना माणूस इकडेतिकडे बघतोच. रांगेच्या डाव्या हाताला दुसरे एक लहान दार होते. पाळी बदलताना त्यातून माणसे पिशव्या घेऊन आत जात आणि रिकाम्या पिशव्या घेऊन बाहेर येत. साडेतीन वर्षांत त्या दाराशी एकही पिशवी उघडलेली मी पाहिली नाही. पिशव्यांत काय होते ते मला ठाऊक नाही, आणि त्यांतली बहुतेक माणसे प्रामाणिक असणार हे मी धरूनच चालते. माझा मुद्दा एवढाच आहे की, ज्या दाराची झडतीच होत नाही तिथे काही सापडणारही नाही. मग बातमी नेहमी चपलेचीच होणार.

हा एका तुरुंगाचा किंवा एका देशाचा दोष नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००३ मध्ये तिथल्या केंद्रीय तुरुंगांची तपासणी केली. माल आत येण्याच्या प्रमुख वाटा त्यांनी तीन सांगितल्या: भेटायला येणारे, टपाल आणि कर्मचारी. पहिल्या दोघांची झडती होत होती. कर्मचाऱ्यांची किंवा त्यांच्या सामानाची नव्हती. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, बाल्टिमोरच्या तुरुंगात टोळीला अमली पदार्थ आणि मोबाइल पुरवल्याच्या प्रकरणात पहिल्याच आरोपपत्रात तेरा महिला रक्षकांची नावे आली.

आणि आपण सुचवलेला उपाय करून झालेला आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे टेक्सासच्या तुरुंगांत प्रत्यक्ष भेटी थांबल्या, त्या जवळपास वर्षभर. त्याच सुमाराला टपालावरही निर्बंध आले, भेटकार्डे आणि रंगीत कागद बंद झाले. म्हणजे बायको नाही, आई नाही, लेकराचे कार्ड नाही. अमली पदार्थ मात्र आत येतच राहिले. मग ते कोणाच्या हातून आले असतील?

वाटा अर्थात आणखीही आहेत. भिंतीवरून माल भरलेले चेंडू फेकतात, ड्रोन खिडकीशी आणून उभे करतात, न्यायालयाच्या तारखेहून परतणारा कैदी पोटात पुडी गिळून येतो. इंग्लंडमधल्या एका तुरुंगाच्या आवारात २०१९ मध्ये मेलेले उंदीर सापडले. पोटे फाडून आत मोबाइल आणि अमली पदार्थ भरायचे, पुन्हा शिवायचे आणि कुंपणावरून फेकायचे! एवढी खटपट ज्या धंद्यात परवडते तो धंदा माझी वेणी सोडून बुडेल, असे मला वाटत नाही.

टपालाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आता नवा माल कागदातूनच येतो. प्रयोगशाळेत बनवलेली, गांजासारखा परिणाम करणारी रसायने असतात. इंग्रजी मुलखात त्यांना ‘स्पाइस’ म्हणतात. त्यांच्या द्रावणात कागद भिजवून वाळवला की तो साध्या पत्रासारखाच दिसतो. आत त्याचे नखाएवढे तुकडे विकले जातात. कागदावर रसायन सारखे पसरत नाही. एका कोपऱ्याने काहीच होत नाही, दुसऱ्याने माणूस जागीच ताठरतो, फिट येते, कधी जीवही जातो. हे टाळण्यासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ पासून कैद्यांची घरगुती पत्रे दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कंपनीकडे वळवली. तिथे पत्र स्कॅन होते, कैद्याला छापील प्रत मिळते आणि मूळ पत्र नष्ट केले जाते. माझ्या भावाच्या बाबतीतही शेवटच्या वर्षी पत्रांच्या झेरॉक्सच आत जाऊ लागल्या. आमच्या आईला लिहिता येत नाही. ती कागदावर हळदीचे बोट उमटवून पाठवायची; त्याच्याकडे पोचायचा तो एक करडा डाग. सुरक्षेसाठी हे करावे लागत असेल तर माझी हरकत नाही, आईचीही नव्हती. पण झेरॉक्स सुरू झाल्यावर बराकीतला माल कमी झाला का, असे मी भावाला विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, “ताई, भाव वाढला फक्त.”

त्याचा हा भाव आमच्याच घरून भरला जात होता, हे मला उशिरा कळले.

माझा भाऊ आत गेला तेव्हा नशा करत नव्हता. मी बहीण आहे म्हणून हे म्हणत नाही. आत जातानाच्या वैद्यकीय नोंदीत तसे लिहिलेले आहे. बराकीत माणसे दाटीने कोंबलेली, दिवसभर काम नाही, रात्री झोप नाही. पहिली पुडी कोणीतरी फुकट देते. दुसरी उधारीवर. उधारीचा हिशेब आठवड्याला दुप्पट होतो आणि वसुलीला बराकीतलीच माणसे असतात. मग एके रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला: अमुक खात्यावर पैसे टाका, नाहीतर तुमच्या भावाचा हात मोडेल. मी पैसे टाकले. चार वेळा टाकले. खाते कोणा तिऱ्हाइताचे होते. पाचव्या वेळी माझ्याकडे पैसे नव्हते, आणि पुढच्या मुलाखतीला तो हाताला फडके बांधून आला. मी लेखी तक्रार केली. तीन महिन्यांनी उत्तर आले की, चौकशीत तथ्य आढळले नाही.

तक्रारीचा एक परिणाम मात्र झाला, त्याची लघवीची तपासणी झाली. अहवाल आला आणि शिक्षा म्हणून त्याच्या मुलाखती तीन महिने बंद झाल्या. पुडी विकणारा कोण, हे त्याला कोणीही विचारले नाही. उपचारांबद्दल विचारले तर उत्तर मिळाले, “इथं सोय नाही.” संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये मान्य केलेली कैद्यांविषयीची नियमावली मी पुढे एका वकिलांकडून मागून वाचली. तिला नेल्सन मंडेला यांचे नाव दिले आहे. तिच्या ४३व्या नियमात म्हटले आहे की, शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क बंद करता येणार नाही; सुरक्षेसाठी अगदी गरजच असेल तर मर्यादित काळापुरते निर्बंध घालता येतील. २४वा नियम म्हणतो की, बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्यालाही मिळाली पाहिजे. आमच्या बाबतीत दोन्ही नियम उलटे वापरले गेले.

लघवीच्या या तपासणीचीही एक गंमत आहे, वाईट अर्थाने. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडतो, हेरॉइनचा दोन-तीन दिवसांत निघून जातो. नेहमीच्या चाचणीला कागदावरची नवी रसायने बहुधा दिसतच नाहीत. म्हणजे चाचणीच्या भीतीने कैदी काय करील? सौम्य सोडून जालीम धरील. नुसती चाचणी आणि शिक्षा, उपचार नाहीत, अशी पद्धत असली की नशा थांबत नाही, फक्त बदलते. सुईवर गेलेल्यांचे तर आणखी वाईट. आत सुई मिळत नाही म्हणून एकच सुई बराकभर फिरते. स्कॉटलंडमधल्या ग्लेनोकिल तुरुंगात १९९३ मध्ये असेच होऊन डझनाहून जास्त कैदी एचआयव्हीबाधित असल्याचे आढळले. ही माणसे कधीतरी सुटतात आणि आपापल्या घरी जातात, हे अग्रलेख लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

माझा भाऊही सुटला. शेवटचे पाच महिने त्याला वेगळ्या कोठडीत ठेवले होते, तिथे काही मिळत नव्हते. तो सुधारला असे आम्ही समजलो. सुटकेनंतर सहाव्या दिवशी तो न्हाणीघरात बेशुद्ध सापडला, ओठ निळे पडले होते. दार फोडणारा शेजारी घरी नसता तर हे पत्र मी वेगळ्या मजकुराने लिहिले असते. डॉक्टरांनी सांगितले ते साधे होते: पाच महिन्यांत शरीराची सवय मोडली, ओढ मात्र तशीच राहिली, त्याने जुन्याच मापाने घेतले.

आमच्याच नशिबी हे आले असे नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून जास्त सुटलेल्या कैद्यांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांचा मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट होता. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका तर १२९ पट. हे वाचल्यावर मी सुटकेच्या दिवसाचा कागद पुन्हा काढून पाहिला. त्यावर त्याचे घड्याळ, पाकीट आणि पट्टा परत केल्याची नोंद आहे. औषधाबद्दल किंवा दवाखान्याबद्दल एक ओळ नाही.

अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगातच अफू-हेरॉइनच्या व्यसनावरची औषधे देणे आणि सुटल्यावर ती बाहेर चालू ठेवणे सुरू केले. तिथे २०१६च्या पहिल्या सहा महिन्यांत अतिसेवनाने मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच सुटलेले कैदी होते. २०१७च्या पहिल्या सहा महिन्यांत ९. ही औषधे म्हणजे मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन यांसारखी, आणि या दोघांना जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. त्यांचाही आत काळाबाजार होतो, असा आक्षेप घेतला जातो. होतो. ब्यूप्रेनॉर्फिनच्या पट्ट्या चोरून आणल्या जातात हे खरेच आहे. पण माझ्या भावाबरोबरचे लोक ती चोरून घेत होते ते बहुतेक नशा तुटल्यावर अंग मोडून येणे, उलट्या, रात्रभरची तडफड थांबावी म्हणून. परिचारिकेसमोर जिभेखाली ठेवून ती रोज मिळाली असती, तर उधारीच्या वहीत निदान तेवढी नावे कमी झाली असती.

तेव्हा माझे मागणे असे आहे की, झडती जरूर घ्या, पण दोन्ही दारांची घ्या. वॉर्डर, अधिकारी, ठेकेदाराची माणसे, पुरवठ्याच्या गाड्या, सगळ्यांची, आणि घेणारी माणसे त्या तुरुंगाबाहेरची असू द्यात. प्रामाणिक कर्मचाऱ्याला त्याचा त्रास होईल, हे मला समजते. दर पंधरवड्याला तो आम्हाला होतच होता. पगार अपुरा आणि दोनशे कैद्यांमागे एक माणूस, अशी अवस्था ठेवून त्याच्या सचोटीवर सगळे सोडणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे. मुलाखती बंद करू नका. माझा भाऊ आतल्या कोणाशी काय बोलत होता मला माहीत नाही, पण उधारीचे तो फक्त जाळीपलीकडून माझ्याशी बोलला. मुलाखती बंद असलेल्या त्या तीन महिन्यांत त्याचे कर्ज किती वाढले, हे त्याने अजून मला सांगितलेले नाही.

सध्या तो रोज सकाळी नऊला दवाखान्यात जातो, नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवतो, ती विरघळेपर्यंत दहा मिनिटे बाकावर बसतो आणि कामावर जातो. ‘इथं सोय नाही’ म्हणून सांगितले होते, ती हीच गोळी.

आपली,
एक वाचक
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. भाऊ नव्या नोकरीवर आहे.)